पानं सुरकुतली की लगेच पाणी घालू नका, आधी मुळं बघा

प्रश्न : ताई, माझ्या एचेवेरियाची (जाड, पाणीदार पानांचं सक्युलंट) पानं सुरकुतली म्हणून मी पाणी वाढवलं, तर आता खालची पानं पिवळी पडून नुसता हात लागला तरी गळतायत. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय तेच कळेना.

जास्त होतंय. पण तुमचा गोंधळ झाला यात नवल नाही, कारण तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड लांबून जवळजवळ सारखंच दिसतं. मुळंच गेली तर पाणी ओढणार कोण, त्यामुळे कुंडी ओलीचिंब आणि झाड मात्र तहानलेलं अशी गत होते आणि आपण सुरकुत्या बघून अजून पाणी ओततो! डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. तहानलेल्या झाडाचं पान पातळ, लवचिक लागतं, आणि खालची जुनी पानं वाळून कोरडी होतात. मूळकूज असेल तर पान पिवळट, काचेसारखं आरपार दिसायला लागतं आणि दाबलं की लिबलिबीत. अजून एक खूण म्हणजे पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत पानं परत टणक झाली तर ती तहान होती, माती ओली असूनही सुरकुत्या तशाच राहिल्या तर आत गडबड आहे. आणि खोडाचं बूड काळं पडून कुबट वास येत असेल तर वाट बघत बसू नका, आजच झाड उपसा.

आता मुळात हे होतं का, तर मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, मातीतल्या पोकळ्या सतत पाण्यानी भरलेल्या राहिल्या की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, ती मरायला लागतात आणि मग पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम ही कूज आणणारी सूक्ष्म मंडळी आत शिरतात. यातले पहिले दोन तर खऱ्या बुरशीतही मोडत नाहीत, त्यांचे बीजाणू चक्क पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. म्हणून एका वेळी किती पाणी घातलं याला फारसा अर्थ नाही, माती किती दिवस ओली राहिली ते महत्त्वाचं. रोज चमचाभर पाणी घालणारे लोक जास्त झाडं मारतात, असं माझं स्पष्ट मत आहे. भोकातून वाहून जाईपर्यंत भरपूर घाला आणि मग माती तळापर्यंत सुकेस्तोवर विसरून जा.

प्रश्न : कुंडीतून काढलं तर अर्धी मुळं काळी निघाली. वाचेल का?

अर्धी चांगली आहेत ना, मग बहुतेक वाचेल. सगळी माती झटकून, लागलं तर धुवून मुळं नीट बघा. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं, कुजलेलं ओढलं की वरची साल निसटून हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. काळं-मऊ सगळं कापून टाका, जीव तुटला तरी टाका. कूज खोडात चढली असेल तर खालून थोडं थोडं कापत वर जायचं, आणि काप एकदम स्वच्छ, एका रंगाचा दिसेपर्यंत थांबायचं नाही. मधोमध एखादा तपकिरी-नारिंगी ठिपका किंवा कडं दिसलं तरी अजून वर कापा, कारण तेवढ्यातूनच ती परत पसरते. दर वेळी ब्लेड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनी पुसायचं, हे लोक हमखास विसरतात.

मग झाड सावलीत, हवेशीर जागी उघडं ठेवा. नुसती मुळं कापली असतील तर ३-४ दिवस, जाड खोड कापलं असेल तर आठवडा किंवा जास्तच, जखम सुकून खपली धरली पाहिजे. कापलेल्या जागी गंधकाची पावडर लावली तर उत्तम. दालचिनी लावायची खूप हौस दिसते सगळीकडे, लावा, पण कूज आत राहिली असेल तर तिचा काही उपयोग नाही. नंतर नव्या, कोरड्या मिश्रणात लावा आणि अजून आठवडाभर पाणी नाही. जुनी माती परत वापरू नका, कुंडी घासून धुवा.

खोड वरपर्यंतच गेलं असेल तर टणक राहिलेली पानं बुडापासून अख्खी काढून कोरड्या मातीवर नुसती ठेवून द्या. एचेवेरिया, ग्रॅप्टोपेटॅलम पानांपासून सहज येतात. एओनियम मात्र पानापासून सहसा येत नाही, त्याचा शेंडाच वाचवावा लागतो.

प्रश्न : तळाला खडी घातली की पाणी साचत नाही ना?

उलट होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकून बसतं, म्हणजे ओला थर मुळांच्या अजून जवळ आला. खडी तळाला न घालता मातीतच मिसळा. निम्मं किंवा त्याहून जास्त मिश्रण पर्लाइट, प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) नाहीतर भरड वाळूचं हवं (बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते), उरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पॉटिंग मिक्स. कुंडी मातीची असेल तर बरं, ती बाजूनीही सुकते. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड ठेवलंच असेल तर पाणी देताना बाहेर काढा. आणि हवा दमट, ढगाळ असेल तर ठरलेला वार आला म्हणून पाणी घालायचं नाही, लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, ओली निघाली तर थांबा.

प्रश्न : अडेनियमचं (फुगीर बुंध्याचं फुलझाड) खोड मऊ लागतंय, कुजलं का?

सगळीकडून सारखंच थोडं दबत असेल आणि माती कोरडी असेल तर तहान आहे, पाणी द्या, भरून येईल. एकाच जागी बोट आत जातंय, तिथे रंग बदललाय किंवा पाणी सुटतंय, तर ती कूज, वर सांगितलं तसं कापा. पानं गाळून झोपी गेलेल्या अडेनियमला मात्र पाणी अगदी बेतानीच.

प्रश्न : मुळांवर पांढरं कापसासारखं दिसतंय, बुरशी आहे का?

बहुतेक मुळांवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे बुरशी नव्हे, कीड. पर्लाइटचे दाणे पण पांढरेच असतात पण ते बोटांनी पुसले जात नाहीत, हा पुसला जातो. मुळं धुवा, माती बदला, शेजारच्या कुंड्याही तपासा.

प्रश्न : पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं बूड कुजलं. वरचं पान कापून लावू का?

लावा, जगेल, पण नवी पिल्लं बहुतेक साधी हिरवीच येतील. पिवळी कडा हवी असेल तर कुजलेल्या भागातून जमिनीखालच्या खोडाचा एखादा टणक तुकडा कोंबासकट वाचतोय का ते आधी बघा.