एका दिवसात इम्प्लांटचे दात बसतात का? वडिलांना करावेत का?

वडील साठी ओलांडलेले, खालचे उरलेसुरले दात हलतायत, शुगर आहे, आणि क्लिनिकमध्ये सांगितलंय की सकाळी या, संध्याकाळी दात घेऊन घरी जा. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डेंटल लॅबमध्ये दात बनवतो, त्यामुळे हे काम मला पडद्यामागून दिसतं.

दात त्या दिवशी बसतात, खरं आहे. पण ते तात्पुरते असतात, आणि ही गोष्ट बऱ्याच घरांत नीट पोचतच नाही. सकाळी हलणारे दात काढून हाडात टायटॅनियमचे चार-सहा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवतात. दुपारी माप आमच्याकडे येतं. आम्ही ॲक्रिलिकचा एकसंध पूल, म्हणजे एकत्र जोडलेली दातांची रांग, करून देतो, तो स्क्रूंवर घट्ट करतात. पुलात साधारण दहा-बारा दातच असतात. शेवटच्या दाढा मुद्दाम सोडलेल्या असतात, कारण शेवटच्या स्क्रूच्या मागे लटकणाऱ्या दातावर चावलं की सगळा जोर तरफेसारखा स्क्रूवर येतो. पेशंटला मात्र वाटतं, एवढे पैसे मोजून दाढा दिल्याच नाहीत! कायमचा पूल पुढे तीन-सहा महिन्यांनी, नवीन माप घेऊन होतो.

एवढं थांबायचं का, तर हाड टायटॅनियमला घट्ट धरायला वेळ घेतं. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाला असे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत स्क्रू हिरडीखाली झाकून खाली तीन आणि वर सहा महिने थांबत. आता लगेच दात लावता येतात, पण स्क्रू पहिल्याच दिवशी हाडात घट्ट बसला तरच. स्क्रू पिळताना लागणारा जोर डॉक्टर रॅचेट नावाच्या पान्यावर मोजतात. ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास किंवा वर गेला तर साधारणपणे पुढे जातात. हाड मऊ निघालं तर काय करणार, हे आधीच विचारून ठेवा. "तेव्हा थांबू, तोवर कवळी वापरा" असं सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

सगळ्यात नाजूक काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा. सुरुवातीची पकड तेव्हा सैल पडत असते आणि नवीन हाड अजून पुरतं तयार झालेलं नसतं. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, माणूस खुशीत! गावात म्हाई, म्हणजे देवीच्या नावानं मटणाचं जेवण, निघते, पाहुणे आग्रह करतात, आणि मटणाच्या नळीवर पूल मधोमध तडकून आमच्या टेबलावर येतो. पूल जोडता येतो, तासाभराचं काम. पण त्या दणक्यानं खालचा स्क्रू हलत राहिला तर त्याभोवती हाडाऐवजी नुसता मऊ पडदा धरतो, मग तो काढावाच लागतो. म्हणून दोन महिने मऊ भात, खिचडी, रश्श्यात कुस्करलेली भाकरी. ऊस तर बघायचाही नाही. हे वडिलांना झेपणार नसेल तर लगेच दात लावण्याच्या फंदात पडू नका.

शुगर ताब्यात असेल तर अडत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आधी करून घ्या. तंबाखू मळायची सवय असेल तर ती जास्त नडते, सिगारेटही तशीच. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगा. साध्या एक्स-रेवर भागवू नका, थ्रीडी स्कॅन हवाच. खालच्या जबड्यातली नस किती खोल आहे ते त्यातच कळतं.

खर्च जड जात असेल तर खाली दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी टक्कन बसणारी, काढता येणारी कवळी हाही पर्याय आहे. खालची साधी कवळी जिभेनं सारखी उचलली जाते, तो त्रास यात बराच कमी होतो. माझं मत विचाराल तर तुमच्या वडिलांसाठी आधी याचीच चौकशी करा.

पैशाचं बोलताना तात्पुरता आणि कायमचा, दोन्ही पूल त्यात धरलेत का, ते लिहून घ्या. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी, माप नि लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. पाच-सात वर्षांनी पूल धरून ठेवणारा एखादा बारका स्क्रू सैल झाला की त्याच मापाचा ड्रायव्हर लागतो. कंपनीच माहीत नसेल तर आम्ही एक्स-रे बघून अंदाज बांधत बसतो. ते स्टिकर रेशनकार्डाच्या फाईलीत लावून टाका.