संवादाविना गोष्ट

प्रश्न : आम्हा पाच विद्यार्थ्यांच्या गटाला संवाद न वापरता तीन मिनिटांचा लघुपट करायचा होता. घरी आलेले पत्र बहीण भावापासून लपवते, एवढीच गोष्ट. चित्रीकरण देखणे झाल्याचे सर्वांनी सांगितले. पण ती पत्र लपवते आहे, हे कोणालाच कळले नाही. शॉटची यादी सोबत जोडली आहे. आमचे कोठे चुकले?

उत्तर : यादी दोनदा वाचली. तीत ‘ती अस्वस्थ आहे’, ‘तिला धास्ती वाटते’ अशी वाक्ये वारंवार येतात आणि माझ्या मते चुकीचे मूळ तेथेच आहे. अस्वस्थता कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो पाकीट फोडता फोडता थबकलेला हात. पाकिटावरचे भावाचे नाव, तिची दाराकडे गेलेली नजर, दाराखालच्या फटीत सरकलेली सावली आणि वर्तमानपत्राखाली ढकलले जाणारे पाकीट, एवढे चार शॉट याच क्रमाने आले, तर पत्र कोणाचे आणि ते कोणापासून लपवले जाते आहे, हे प्रेक्षक आपणहून जुळवतो. आपण नावाचा क्लोज-अप घेतलेलाच नाही.

१९२०च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपचा वाडगा, शवपेटी अशा वेगवेगळ्या दृश्यांशी जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी दुःख दिसले, असे सांगितले जाते. म्हणून आपल्या अभिनेत्रीला चेहऱ्यावर फार भाव आणायला लावू नका.

दुसरा दोष दिशेचा आहे. बहीण आणि भाऊ यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो. आपण बहिणीचा शॉट खिडकीकडून आणि भावाचा समोरच्या भिंतीकडून घेतला, त्यामुळे समोरासमोर असूनही दोघे एकाच दिशेला पाहत असल्यासारखे वाटतात.

कामांच्या वाटपाबद्दल आपण काही विचारलेले नाही, तरीही सांगतो : चित्रीकरणाच्या वेळी अखेरचा शब्द एकाचाच असावा, संकलन, म्हणजे शॉट कापून जोडण्याचे काम, मात्र पाचही जणांनी त्याच चित्रणावरून स्वतंत्रपणे करावे. मला या स्वाध्यायाचा सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो, कारण एक शॉट अर्धा सेकंद आधी कापल्याने लपवणे हे नुसते ठेवणे कसे होऊन जाते, ते पाचही प्रती शेजारी शेजारी पाहताना आपल्या डोळ्यांना दिसेल. त्यानंतर गोष्ट ठाऊक नसलेल्या एखाद्या व्यक्तीला त्या प्रती दाखवा आणि काय घडले, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ती सांगत असताना मध्ये काहीही बोलू नका.