पीडीएफ उघडलीस का?

अरे, काल फोनवर तू हसत हसत म्हणालास ना, "सर, अज्ञानात सुख असतं, म्हणून रिपोर्ट उघडलाच नाही", तेव्हा मीपण हसलो, पण रात्रभर ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. चेकअपचा रिपोर्ट तीन आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर पडलाय, वडिलांना शुगर, आणि तू म्हणतोस बघू नंतर.

सुख असतं हे खोटं नाहीये बरं का. मी चार वर्षं त्यातच काढली. जिलबी, आमरस सगळं चालू, टेस्ट केली नाही म्हणजे शुगर नाही इतका सोपा हिशोब. दाढ ठणकली असती तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पळालो असतो, पण हा आजार सुरुवातीला दुखतच नाही, तीच त्याची लबाडी. मग एकदा मंडईतनं घरी आलो तर बायको विचारते, एका पायातली चप्पल कुठाय? कधी निघाली पत्ताच नाही! पायाच्या नसांनी दगा दिला होता, तो बधिरपणा आजही आहे.

आता तुझं. रिपोर्टमध्ये एचबीए१सी अशी एक ओळ असेल बघ. साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशोब त्यात निघतो, आदल्या दिवशी गोड सोडून त्याला गंडवता येत नाही (मी प्रयत्न केलाय). ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ किंवा वर म्हणजे डायबिटीस, आणि काही त्रास नसेल तर परत एकदा टेस्ट करून मगच पक्कं करतात, त्यामुळे आकडा बघून लगेच हातपाय गाळू नकोस. काठावर असलास तर उलट नशीबवान. अमेरिकेत काठावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, त्यात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सातेक टक्के वजन कमी करायचं ठरवलेल्यांमध्ये डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनीच.

सगळंच माहीत हवं असं पण नाही रे. ऑफिसात आपल्यामागे कोण काय बोलतं ते न कळलेलंच बरं. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी जेम्स वॉटसन, २००७ मध्ये त्याचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, तर तो म्हणाला अल्झायमरचा धोका सांगणारा तेवढा जीन मला सांगू नका. मी त्याला नावं ठेवणार नाही, कळून तो करणार काय होता? तुला मात्र बूट घालून चालायला निघता येतं.

आणि खरं तर तू अज्ञानात कुठायस? ती फाईल दिसली की पटकन वर सरकवतोस, याला आमच्याकडे टाळाटाळ म्हणतात. त्यात सुख असतं तर रात्री साडेदहाला मला फोन केला नसतास.

रविवारी ये, दोघं मिळून उघडू. काकू विचारत होती पुरणपोळी करू का, म्हटलं थांब, आकडा बघून सांगतो.