कारखान्यात आयटी आणि ऑटोमेशनवाल्यांचं अजिबात पटत नाही. काय करावं?

भोसरीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं ऑटोमेशन सांभाळलं. 'आयटीवाले न विचारता काहीतरी करतात आणि लाइन थांबते' हे तुमचं वाक्य वाचून ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

आमच्या भांडणाचं मूळ कॅलेंडरात निघालं. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हेड ऑफिसची रविवारी. कामावर कोणी नसेल म्हणून आयटीने विंडोजचं अपडेट रविवारी पहाटे सोडलं. इकडे तिसरी शिफ्ट चालू. स्काडाचा, म्हणजे मशीनची स्थिती स्क्रीनवर दाखवणारा पीसी आपोआप रीस्टार्ट झाला. पीएलसी, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणारा छोटा कंट्रोलर, बिचारा चालूच होता, पण ओव्हनचं तापमान दिसेना म्हणून सुपरवायझरने लाइन थांबवली आणि आतला माल स्क्रॅपमध्ये गेला. आयटीच्या नोंदीत काय, तर 'सिस्टीम सात मिनिटं बंद'. खोटं नव्हतं ते.

आम्हीही धुतल्या तांदळाचे नव्हतो. 'आमच्या मशीनला हात लावायचा नाही' म्हणत जुन्या विंडोज एक्सपीवरचे काही पीसी जपून ठेवले होते, एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्येच संपलेला असताना. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं, तेव्हा कुठे आमची पाचावर धारण बसली.

मग मीटिंगा झाल्या, त्यांचा उपयोग शून्य. उपयोग झाला तो आयटीतल्या एका मुलाला रात्रपाळीला लाइनवर उभं केल्याचा. हातमोजे घातलेला ऑपरेटर दर दहा मिनिटांनी लॉक होणाऱ्या स्क्रीनवर बारा अक्षरी पासवर्ड टाकताना त्याने बघितला, आणि ते लॉक दुसऱ्याच दिवशी निघालं. मी त्याला मॉडबस, म्हणजे मशीन एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती, समजावलं: 1979 सालचा प्रोटोकॉल, मुळात पासवर्डच नाही, जो विचारेल त्याला उत्तर देतो. नेटवर्कवर काय काय जोडलंय हे शोधणाऱ्या साध्या स्कॅननेसुद्धा जुना पीएलसी अडकू शकतो, हे त्याला तेव्हा पटलं. त्याने उलट मला विचारलं, मशीनवाल्या कंपनीने बाहेरून जोडणी करायला पॅनेलमध्ये बसवलेला मोडेम कायम चालू का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोडेम काढला.

त्यानंतर एक साधा तक्ता केला. कुठला पीसी कुठल्या मशीनचा, तो कधी बंद करता येतो, आधी कोणाला फोन करायचा. फोनच, ईमेल नाही; शिफ्ट इनचार्ज ईमेल बघत नाही. अपडेट आधी स्पेअर पीसीवर, मग गुरुवारी लाइनवर.

तुमच्याकडे सुट्टी कोणत्या वारी असते? आणि ते आयटीला माहीत आहे का, एवढं उद्या विचारून बघा.