एजंटचा चेक वटला नाही, पॉलिसी रद्द झाली : पैसे परत यायची वाट बघू की आधी गाडीचा विमा काढू?

सांगलीच्या गावभागातून एका वाचकांनी लिहिलंय, आधी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गाडी पेट्रोलची, ११९७ सीसी, चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, तेव्हापासून एकही क्लेम नाही. जुनी पॉलिसी २२ एप्रिलला संपत होती म्हणून दोन दिवस आधी ओळखीच्या एजंटला जीपेनं १०,६०० रुपये पाठवले, त्यानं पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली, यांनी प्रिंट काढून गाडीत ठेवली. गेल्या आठवड्यात विश्रामबागला ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं, मशीनवर नंबर टाकला तर इन्शुरन्स संपलेला. प्रिंट दाखवून काही उपयोग झाला नाही, २,००० चा दंड बसला. घरी येऊन कस्टमर केअरला फोन लावला तेव्हा कळलं की एजंटनं यांचे पैसे खिशात घालून कंपनीला स्वतःचा चेक दिला होता, तो न वटता परत गेला आणि पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्द झाली. तसा मेसेजही गेला होता, पण फॉर्मवर मोबाइल नंबर एजंटचा! आता तो म्हणतोय, "महिनाभरात पैसे देतो, तोवर चार हजारात थर्ड पार्टी काढा, काय होत नाही." यांच्याकडं अडीअडचणीला ठेवलेले ४० हजार आहेत, पोरांच्या फीचं टेन्शन आहे, आणि वडिलांना आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यायचं असतं.

माझं उत्तर सरळ आहे. त्या ४० हजारातनं पैसे काढा आणि या आठवड्यातच पूर्ण पॉलिसी घ्या, म्हणजे थर्ड पार्टी (तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर) अधिक ओन डॅमेज (तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर). एजंटशी भांडण करायचंच आहे, पण ते वेगळं चालू द्या, विम्याला त्याच्या दावणीला बांधू नका.

कारण सांगतो. तुम्ही लिहिलंय "पैसे मी भरलेत म्हणजे कव्हर तर असणारच ना", तर तसं नाही हो. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी म्हणतं की हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीवर जोखीम येतच नाही, चेक परत गेला की हप्ता आलाच नाही असं धरतात. २०२४ पासून नियम असा आहे की कंपनीला मनात आलं म्हणून तुमची पॉलिसी रद्द करता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली असेल तरच आणि तेही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन, पण तुमचं प्रकरण त्यात बसत नाही कारण इथं मुळात पैसेच पोचले नाहीत. म्हणजे आज ही गाडी रस्त्यावर उघडी आहे.

उघडी म्हणजे किती उघडी ते एकदा आकड्यात बघा. दंडाचं सोडा, पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,०००, शिवाय कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. खरी भीती अपघाताची. समजा, मिरज रोडला कुणी ३० वर्षांचा, महिना २० हजार कमावणारा, बायको आणि दोन पोरं मागं असलेला माणूस तुमच्या गाडीखाली आला. कोर्ट हिशोब असा करतं: कमाई पुढं वाढली असती म्हणून २० हजारावर आणखी ४० टक्के धरून २८ हजार, वर्षाचे ३,३६,०००, त्यातनं त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा केला की २,२४,०००, गुणिले १७ (हा त्याच्या वयाप्रमाणे ठरलेला गुणक). झाले ३८ लाख ८ हजार, वरचे खर्च आणि व्याज वेगळं. विमा असेल तर हे कंपनी भरते, नसेल तर मालक, आणि नाही भरले तर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लागू शकते. तुमच्या गाडीच्या थर्ड पार्टीचा ठरलेला हप्ता ३,४१६, जीएसटी धरून ४,०३१ रुपये. एवढ्याशा पैशासाठी एक दिवससुद्धा थांबायचं काही कारण मला दिसत नाही.

मग एजंट म्हणतो तसं नुसती थर्ड पार्टी घेऊन का थांबू नये? दोन कारणं आहेत.

पहिलं एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. सलग चार वर्षं क्लेम नाही म्हणजे तुम्हाला ओन डॅमेजच्या हप्त्यावर ४५ टक्के सूट मिळते. जुनी पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत ओन डॅमेज चालू केलं नाही तर ही सूट शून्यावर येते. २२ एप्रिलपासून मोजा, मुदत २१ जुलैला संपते. एजंटचा "महिनाभर" आणि त्यानंतरचा अजून एक महिना यातच ती तारीख निघून जाईल. सूट धरायच्या आधीचा तुमचा ओन डॅमेजचा हप्ता साधारण ९,००० आहे, म्हणजे यंदाच जीएसटीसकट ४,७७९ रुपये जास्तीचे, आणि पुढं २०, २५, ३५ टक्के असं परत पायरी पायरीनं चढायचं. पाच वर्षांचा फरक काढला तर बारा हजाराच्या वर जातो, गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो म्हणून नऊ-दहा हजार धरा. एजंटनं बुडवले तेवढेच जवळजवळ परत बुडवून घ्यायचे का?

दुसरं कारण तुमचा पत्ता. गावभागात राहून जून महिन्यात ओन डॅमेज नको म्हणणं मला पटत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. माझ्या एका जुन्या क्लायंटची गाडी २०१९ ला पार्किंगमध्ये बुडाली होती. पाणी उतरल्यावर त्यांनी घाईनं चावी फिरवली, एकदा नाही तीनदा, आणि पाणी इंजिनात ओढलं जाऊन ते जाम झालं. कंपनीनं सीट, वायरिंग, आतली साफसफाई सगळं मंजूर केलं पण इंजिनाला नाही म्हटलं, कारण इंजिन प्रोटेक्शन हे जादाचं कव्हर घेतलेलं नव्हतं. सीटवर वाळलेला तो गाळ आणि त्यांच्या हातातलं ते पत्र मी अजून विसरलेलो नाही. तुम्ही झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) नाही घेतलंत तरी चालेल, पण इंजिन प्रोटेक्शन सोडू नका. तुम्हाला मिळालेलं १०,९०० चं कोटेशन त्याच्यासकट आहे, घ्या ते.

आता कसं करायचं. पॉलिसी खंडित झालीय म्हणून ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी होणार, बहुतेक मोबाइलवर लिंक येते, चारी बाजू, चासी नंबर, मीटर असा व्हिडिओ काढून पाठवायचा. मे महिन्यात बाइकवाल्याला घासून डाव्या दारावर डेंट आलाय म्हणालात, तो व्हिडिओत स्वच्छ दिसू द्या, त्याचा खर्च नव्या पॉलिसीत मिळणार नाही पण लपवला तर पुढच्या क्लेमला तोच आडवा येईल. आधीची पॉलिसी म्हणून २२ एप्रिलला संपलेली द्या आणि मधली रद्द झाली हेही सांगून टाका. जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. मोबाइल आणि मेल तुमचाच टाका, पैसे थेट कंपनीला भरा. (त्या बाइकवाल्यानं उद्या केस केलीच तर वकिलाला एवढं विचारा की रद्द झाल्याचं कंपनीनं तुम्हाला आणि आरटीओला अपघाताच्या आधी कळवलं होतं का, कारण आधी कळवलं नसेल तर तिसऱ्या माणसाला कंपनीनंच द्यायचं असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये म्हटलंय.)

भांडणाचं बघू. कायदा सांगतो की एजंटनं गोळा केलेला हप्ता २४ तासांत कंपनीकडं जमा करायचा किंवा पाठवायचा, म्हणजे त्याचा चेक परत जाणं ही "अडचण" नाही, चूक आहे. व्हॉट्सॲपवर त्याला तारीख घालून लिहा, तोंडी नको. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, सोबत जीपेचा स्क्रीनशॉट, पीडीएफ, त्याच्याशी झालेलं चॅट, आणि चेक कधी परत गेला व कुणाला कळवलं याचं लेखी उत्तर मागा. १४ दिवसांत काही झालं नाही तर बीमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर टाका, आणि कंपनीला लिहून महिना होऊनही दाद नाही मिळाली तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा, तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. २,००० चा दंडही मागणीत धरा, मिळेलच असं नाही पण मागायला हवा.

राहिला तुमचा ४० हजाराचा साठा. तो २९,१०० वर येईल, येऊ द्या, तो याच कामासाठी ठेवलाय. फीला हात लावू नका, क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर तर विमा अजिबात घेऊ नका. ३,००० ची एसआयपी तीन महिने थांबवून ते पैसे इकडं वळवा, एजंटकडनं जे येईल तेही याच खात्यात टाका.

आणि मंजुरीचा मेल येऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत गाडी काढू नका, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. तोवर वडिलांना मिरजेला रिक्षानं न्या, जाऊन-येऊन जे काय शे-दोनशे जास्त जातील ते जाऊ द्या.