चावडी पाडण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या गावच्या चावडीत आजोबांच्या काळी पाटील बसत, वडील तिथेच बिगरीत शिकले आणि आता तिथे रेशनचे धान्य ठेवतात. ती पाडून गाळे बांधण्याचे घाटत आहे. चावडीचे मूळ काम काय होते आणि ते का बदलले?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गावचा कारभार ज्यांच्या हाती होता ते बदलत गेले, तशी चावडीही बदलली. पाटील-कुलकर्णी वतनदार, म्हणजे वंशपरंपरेने हक्काचे गावकामगार, होते तोवर शेतसाऱ्याचा वसूल, तंट्यांची चौकशी आणि फिरतीवरच्या अंमलदारापुढची हजेरी हे सारे चावडीवरच होई. म्हणूनच अनेक जुन्या चावड्यांचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, लाकडी खांबांवर पेललेला आणि रस्त्याकडे उघडा दिसतो. पण तो सर्वांना सारखा उघडा नव्हता. ज्या महार वतनदारांनी लोकांना चावडीवर बोलावून आणायचे आणि वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा, त्यांना स्वतः पायरीखालीच उभे राहावे लागे. या राबणुकीविरुद्धच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. गावचा इतिहास लिहाल तेव्हा हा भाग कृपया गाळू नका.

पुढे कुलकर्णी वतने १९५१ मध्ये, महार वतनांसारखी कनिष्ठ वतने १९५९ मध्ये आणि मुलकी पाटीलकी १९६३ पासून संपली. वसूल पगारी तलाठ्याकडे गेला, ग्रामपंचायतीने स्वतःचे कार्यालय बांधले आणि रिकाम्या चावडीत कुठे शाळा भरली, कुठे गोदाम आले. शिर्डीचे वळण निराळे : साईबाबा अखेरच्या वर्षांत एक दिवसाआड रात्री चावडीत मुक्काम करीत, त्यामुळे ती गावकचेरी देवस्थान झाली.

कायद्याने मात्र चावडीला अजून सोडलेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या, नोंदीची प्रत तलाठ्याने चावडीत ठळक जागी लावायची असते, आणि गावात चावडी नसेल तर जिल्हाधिकारी ठरवतील ती जागा चावडी मानली जाते. तेव्हा पाडण्याचा ठराव होण्याआधी जागा महसूल खात्याच्या नावे आहे की ग्रामपंचायतीच्या, हे उताऱ्यावर पाहा आणि विषय ग्रामसभेत मांडा. माझ्या मते धान्य दुसरीकडे हलवून आतल्या खोलीत तलाठ्याच्या बैठकीची आणि सोप्यात वाचनालयाची सोय करावी. छप्पर आणि खांब धड असतील, तर त्यासाठी नवी भिंतही घालावी लागणार नाही.