अमॉस अलॉन्झो स्टॅग फक्त अमेरिकन फुटबॉलचेच कोच होते का?

नाही, शिकागो विद्यापीठात १८९२ पासून चाळीस वर्षं फुटबॉल सांभाळताना बेसबॉल आणि ट्रॅकचे (धावण्यासारख्या मैदानी शर्यतींचे) संघही बराच काळ त्यांच्याकडेच होते. मुळात येल विद्यापीठात ते बेसबॉलचे नावाजलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू. १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिका फुटबॉल संघातही, म्हणजे देशभरातल्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीतही, होते. फुटबॉल आणि बास्केटबॉल, दोन्हींच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या सन्मान-यादीत) त्यांचं नाव आहे. मात्र बास्केटबॉलमधला मान कोचिंगपेक्षा खेळाच्या प्रसारासाठी जास्त. मार्च १८९२ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला झालेल्या बास्केटबॉलच्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ हरवलं, शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा! सत्तरीत शिकागोने निवृत्त केलं, तर पठ्ठ्या कॅलिफोर्नियात जाऊन कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा संघ घेऊन पुन्हा मैदानात उभा.